अर्धवट इंजेक्शनपेक्षा पुरा कार्ब्युरेटर बरा

१९६५ सालच्या शेवरोले कॉर्व्हेटच्या किंमतपत्रकातली एक जोडी फार बोलकी आहे. ३२७ क्यूबिक इंचांचे, फ्युएल इंजेक्शनचे इंजिन, ३७५ अश्वशक्ती: जादा किंमत ५३८ डॉलर. त्याच वर्षी मधेच दाखल झालेले ३९६ क्यूबिक इंचांचे इंजिन, डोक्यावर होली कंपनीचा एकच कार्ब्युरेटर, ४२५ अश्वशक्ती: जादा किंमत २९२ डॉलर ७० सेंट. १९५७ मध्ये २८३ क्यूबिक इंचांतून २८३ अश्वशक्ती काढून गाजलेले ते यांत्रिक इंजेक्शन १९६५ मध्येच बंद झाले. कॉर्व्हेट पुन्हा इंजेक्शनवर यायला १९८२ साल उजाडले.

कार्ब्युरेटर हवेच्या खेचीने पेट्रोल ओढून घेतो, इंजेक्शन ते दाबाने फवारते. अमेरिकन व्ही-८ (आठ सिलिंडरांची मोठी इंजिने) बांधणाऱ्यांच्या डोक्यातला हिशोब तेव्हापासून फारसा बदललेला नाही. कोणते जास्त ताकद देते आणि किती डॉलरांत, एवढ्यावरच वाद रंगतो. माझे म्हणणे असे की हा प्रश्नच चुकीच्या ठिकाणाहून सुरू होतो. पूर्ण थ्रॉटलवर, ठरलेल्या इंधनावर, ठरावीक हवेत नीट बसवलेला कार्ब्युरेटर आणि नीट बसवलेले इंजेक्शन यांच्या ताकदीत भांडण्याइतका फरक नसतो. इंजिनाला किती वेगवेगळ्या परिस्थितींतून जायचे आहे आणि बांधणारा इंधनाच्या टाकीपासून काम करायला तयार आहे का, या दोन गोष्टींवर निवड व्हायला हवी. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल तर इंजेक्शनच्या वाटेला जाऊ नये.

आधी कार्ब्युरेटरची बाजू मांडतो, कारण ती हल्ली ‘जुनाट’ या एका शब्दात निकाली काढली जाते. उदाहरणाला एक ठोस इंजिन घेऊ: ४२७ क्यूबिक इंचांचे, टर्बो-सुपरचार्जर नसलेले, ६०० अश्वशक्तीचे, मिनिटाला ६५०० फेऱ्यांना ताकदीचा कळस गाठणारे. त्याला किती हवा लागेल? घनआकार गुणिले फेरे भागिले ३४५६. या ३४५६ मध्ये गूढ काही नाही. एका घनफुटात १७२८ घनइंच असतात आणि चार-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच हवा घेते, म्हणून १७२८ च्या दुप्पट. उत्तर येते मिनिटाला ८०३ घनफूट. सिलिंडर शंभर टक्के भरत नाहीत असे धरले तर त्याहून थोडे कमी. म्हणजे ८५० सीएफएमचा (मिनिटाला ८५० घनफूट हवा जाऊ देणारा) चार-बॅरल, म्हणजे चार नळ्यांचा, कार्ब्युरेटर पुरेसा आहे. आकड्यांच्या मोहात १०५० बसवणारे पुष्कळ असतात. मग कमी फेऱ्यांना व्हेंचुरीतून (नळीच्या अरुंद गळ्यातून) हवेचा वेग उतरतो, तिथे पेट्रोल सोडणाऱ्या बूस्टरला खेच मिळत नाही आणि थ्रॉटल दाबला की गाडी क्षणभर गचका खाते.

कार्ब्युरेटरच्या बाजूचा खरा मुद्दा मात्र भौतिकशास्त्राचा आहे. पेट्रोल मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांच्या जोडणीच्या) तोंडाशी हवेत मिसळते आणि सिलिंडरपर्यंतच्या वाटेत बरेचसे उडून जाते. वाफ होताना ते हवेतली उष्णता ओढून घेते. सगळे पेट्रोल हवेतच उडाले तर वजनाने १२.८ भाग हवा आणि १ भाग पेट्रोल या मिश्रणात हवा कागदोपत्री पंचवीस अंशांच्या आसपास थंड व्हायला हवी. प्रत्यक्षात त्याचा काही भागच हाती लागतो, तरी थंड हवा म्हणजे दाट हवा आणि दाट हवा म्हणजे ताकद. पोर्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर पडते. तिथे ते हवेपेक्षा तापलेल्या व्हॉल्व्हची उष्णता जास्त घेते आणि ही थंडाई बरीचशी हातची जाते. त्या बदल्यात आठही सिलिंडरांना सारखे इंधन मिळते. कार्ब्युरेटरच्या ओल्या मॅनिफोल्डमध्ये कोपऱ्यावरचे सिलिंडर लीन (पेट्रोल कमी) आणि मधले रिच (पेट्रोल जास्त) होण्याची खोड कायमची असते. दोन्हींची बेरीज-वजाबाकी केली की डायनोवर, म्हणजे ताकद मोजण्याच्या यंत्रावर, कळसाचा आकडा जवळपास सारखा येतो. इंजेक्शन लावले म्हणून ५० अश्वशक्ती वाढली असे कोणी सांगत असेल, तर आधीचा कार्ब्युरेटर बिघडलेला होता एवढेच त्यातून सिद्ध होते.

कार्ब्युरेटर बिघडतो कुठे, हे इथेच सांगायला हवे, कारण इंजेक्शनकडे वळणारे निम्मे लोक याच दुखण्यांना कंटाळून वळतात आणि ही दुखणी बरी होणारी असतात. सगळ्यात मोठे दुखणे मोठ्या कॅमचे, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणाऱ्या दांड्याचे. कॅमचा कालावधी आणि ओव्हरलॅप (दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे असण्याचा वेळ) वाढला की आयडलवरचा, म्हणजे थ्रॉटल न दाबता चालतानाचा, व्हॅक्यूम पाऱ्याच्या १८ इंचांवरून ८-९ इंचांवर येतो. इंजिन चालू ठेवायला माणूस आयडलचा स्क्रू पिळतो, बटरफ्लाय, म्हणजे हवेच्या चपट्या झडपा, जास्त उघडतात आणि त्यांच्या कडेखालची पेट्रोल सोडणारी ट्रान्सफर फट गरजेपेक्षा जास्त उघडी पडते. ही फट खालून पाहिल्यावर चौकोनी दिसली पाहिजे, साधारण अर्धा ते एक मिलिमीटर. ती लांबट दिसली की मिश्रणाचे स्क्रू कितीही फिरवा, काही फरक पडत नाही, कारण पेट्रोल त्यांना वळसा घालून त्या फटीतून येत असते. उपाय सोपा आहे: मागच्या बटरफ्लायचा थांबा थोडा उघडून हवा तिकडून द्यायची. तेवढ्याने भागले नाही तर पुढच्या बटरफ्लायना दीड-दोन मिलिमीटरची छिद्रे पाडायची आणि पुढची फट पुन्हा चौकोनी करायची.

दुसरे दुखणे पॉवर व्हॉल्व्हचे. त्यावर ६.५ लिहिले असेल तर व्हॅक्यूम साडेसहा इंचांखाली गेल्यावर तो उघडतो आणि जादा पेट्रोल सोडतो. आयडललाच व्हॅक्यूम सहा इंच असेल तर तो कधी बंदच होणार नाही. प्लग काळे पडतील, डोळे चुरचुरतील आणि माणूस मुख्य जेट (पेट्रोल मापून सोडणारे छिद्र) लहान करत बसेल. मग पूर्ण थ्रॉटलला इंजिन लीन होऊन पिस्टन जाईल. आयडलच्या व्हॅक्यूमच्या साधारण निम्म्या आकड्याचा व्हॉल्व्ह घालायचा, हा जुना ठोकताळा आजही चालतो. अ‍ॅक्सिलरेटर पंपाच्या दांडीत ढील असणे, कप्प्यातले पेट्रोल मापात ठेवणाऱ्या फ्लोटची पातळी वर-खाली असणे ही दुखणी किरकोळ. दहा मिनिटांत, एका पान्यावर सुटणारी.

ही सगळी दुरुस्ती डोळ्यांना दिसते आणि हाताला लागते, हा कार्ब्युरेटरचा मोठा गुण आहे. ज्या गाडीचा जन्म फक्त पाव मैलाच्या पट्ट्यासाठी आहे, जी ट्रेलरवरून येते, एकाच प्रकारच्या रेस-पेट्रोलवर पळते आणि हवामानाचे यंत्र बघून जेट बदलायला जिच्याजवळ माणूस उभा आहे, तिला कार्ब्युरेटर काढायला सांगणे हा पैशाचा अपव्यय आहे. त्यातून ते पेट्रोल शिशाचे असेल तर एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर फार दिवस टिकत नाही, आणि हल्लीच्या इंजेक्शनचे निम्मे शहाणपण त्या सेन्सरच्या भरवशावर असते.

पण गाडी रस्त्यावर आली की गणित फिरते. समुद्रसपाटीवर जेट बसवलेली गाडी डेन्व्हरला, म्हणजे सुमारे १६०० मीटर उंचीवर नेली की हवा जवळपास सातव्या हिश्शाने विरळ होते. कार्ब्युरेटर त्यातला निम्मा बदल पकडतो आणि निम्मा सोडून देतो, त्यामुळे मिश्रण आठ टक्क्यांच्या आसपास रिच होते. गाडी चालते, पण सुस्तावते. पुण्याहून महाबळेश्वर चढताना जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्या अशाच जड व्हायच्या, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. इंजेक्शनचा दाब-सेन्सर आणि तापमान-सेन्सर हा बदल क्षणोक्षणी मोजतात.

उंचीपेक्षाही मला निर्णायक वाटतो तो इथेनॉलचा मुद्दा. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला १४.७ पट वजनाची हवा लागते, इथेनॉलला ९ पट. अमेरिकेत ई-८५ म्हणून विकल्या जाणाऱ्या इंधनात नियमाप्रमाणे इथेनॉलचे प्रमाण ५१ ते ८३ टक्क्यांच्या दरम्यान काहीही असू शकते, कारण थंडीत इंजिन सुरू व्हावे म्हणून पेट्रोल वाढवावे लागते. त्या दोन टोकांना हवेचे प्रमाण मोजले तर एकीकडे सुमारे ११.७ आणि दुसरीकडे ९.९ येते. जेट एकच, पंप तोच, पाटीवर नाव तेच आणि मिश्रणात अठरा टक्क्यांच्या आसपास फरक! हिवाळ्यात बसवलेला जेट उन्हाळ्यात इंजिन लीन करतो, आणि उच्च दाबाच्या इंजिनात लीन म्हणजे वितळलेला पिस्टन. इंधनाच्या नळीत बसणारा इथेनॉल-सेन्सर हे प्रमाण सतत वाचतो आणि संगणक इंधन व स्पार्कची वेळ दोन्ही जुळवतो. कार्ब्युरेटरकडे याला उत्तरच नाही. त्याचा दोष नाही. त्याच्या रचनेत ते बसतच नाही.

हा मुद्दा परक्या देशाचा म्हणून सोडून देण्यासारखाही नाही. उसाच्या महाराष्ट्रातल्या डिस्टिलऱ्यांतून निघणारे इथेनॉल आता आपल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत आहे. शुद्ध पेट्रोलवर बसवलेला जुना कार्ब्युरेटर त्यावर सात-आठ टक्के लीन चालतो. शिवाय इथेनॉल जुन्या रबराच्या नळ्या आणि डायफ्रॅम फुगवते आणि पाणी ओढून घेते. १ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ नियम आल्यावर आपल्याकडच्या नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर जवळपास संपला. पण जुन्या दुचाक्या आणि हौसेने जपलेल्या गाड्या हजारोंनी रस्त्यावर आहेत. त्यांच्या मालकांनी निदान मुख्य जेट एक-दोन आकडे वाढवून प्लगचा रंग पाहावा आणि इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या घालाव्यात.

तर रस्त्यावरच्या, बदलत्या इंधनाच्या किंवा टर्बो लावलेल्या मोठ्या इंजिनाला इंजेक्शन, हे माझे मत ठरलेले आहे. टर्बोवर कार्ब्युरेटर चालत नाही असे नाही. टर्बोची दाबाखालची हवा ज्यातून फुंकली जाते असा कार्ब्युरेटर अनेकांनी यशस्वी केला आहे. पण त्याला बूस्टबरोबर (टर्बोने वाढवलेल्या हवेच्या दाबाबरोबर) पाउंडामागे पाउंड वाढणारा इंधनाचा दाब लागतो, दाबाने चेपणारे पोकळ पितळी फ्लोट काढून भरीव घालावे लागतात आणि फ्लोटच्या कप्प्यांना बूस्टचाच दाब पोचवावा लागतो. यातले एक जरी चुकले तरी ऐन ताकदीच्या क्षणी पेट्रोल थांबते. एवढी यातायात करायची तर ती इंजेक्शनच्या दिशेने करावी.

आणि इथेच मला आजच्या बाजारातल्या एका सवयीवर बोट ठेवायचे आहे. कार्ब्युरेटरच्या जागी, त्याच चार बोल्टांवर बसणारे थ्रॉटल-बॉडी इंजेक्शनचे संच मिळतात. जाहिरात सांगते: बसवा, चार प्रश्नांची उत्तरे द्या, गाडी स्वतःच शिकेल. संच वाईट नसतात. वाईट असते ते ‘चार बोल्ट’ हे आश्वासन, कारण ते आधी कळस मग पाया असे काम करायला शिकवते. पाया गाडीच्या दुसऱ्या टोकाला, टाकीत असतो.

६०० अश्वशक्तीला लागणाऱ्या इंधनाचा हिशोब करा. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाला दर अश्वशक्तीमागे तासाला साधारण अर्धा पाउंड इंधन धरतात. म्हणजे ३०० पाउंड, १३६ किलो, सुमारे १८३ लिटर तासाला. मिनिटाला तीन लिटर. कार्ब्युरेटरला हे सहा-सात पीएसआय (चौरस इंचाला पाउंड) दाबाने पुरवायचे असते, इंजेक्शनला ४३ ते ५८ पीएसआयने. तोच पंप दाब वाढला की कमी इंधन ढकलतो आणि बॅटरीचा व्होल्टेज पडला की आणखी कमी. खोक्यावर छापलेला २५५ लिटरचा आकडा कोणत्या दाबाला आणि किती व्होल्टला, हे तपासल्याशिवाय त्याला अर्थ नाही. ई-८५ वापरायचे असेल तर आकारमानाने ३५-४० टक्के जादा लागते. १८३ चे २५० होतात आणि हाच पंप काठावर येतो. इंजेक्टरचा हिशोबही तसाच: ३०० भागिले ८, आणि इंजेक्टर ८० टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा ठेवायचा नाही म्हणून भागिले ०.८, म्हणजे प्रत्येकी तासाला ४७ पाउंड किंवा मिनिटाला साधारण ४९० सीसी. ई-८५ साठी ७०० च्या जवळ.

आता टाकी. जुन्या गाडीच्या टाकीत सहसा पुरेशा आडभिंती नसतात. वळणावर किंवा जोरात सुटताना पेट्रोल एका बाजूला धावते आणि पंपाचे तोंड क्षणभर कोरडे पडते. कार्ब्युरेटरचे फ्लोटचे कप्पे तो क्षण झाकून नेतात, कारण त्यांच्यात थोडा साठा असतो. इंजेक्शनला असा साठा नाही. इंजेक्टरांना पेट्रोल देणाऱ्या रेलमधला (नळीतला) दाब पडला की त्याच क्षणी इंजिन लीन होते. म्हणून टाकीतच, आडभिंतीच्या किंवा फोमच्या कप्प्यात बुडालेला पंप हवा. बाहेर चेसिसवर टांगलेला पंप तापतो, ओरडतो आणि उन्हाळ्यात वाफेने अडतो. परतीची नळी हवी, म्हणजे पेट्रोल फिरत राहून थंड राहील. पंपाच्या आधी जाड जाळीचा फिल्टर, नंतर दहा मायक्रॉनचा. पंपाला बॅटरीपासून थेट जाड तार आणि रिले.

वायरिंगमध्ये तर हमखास घोडे पेंड खाते. संगणकाचा पॉझिटिव्ह आणि अर्थ दोन्ही थेट बॅटरीच्या खांबांवर गेले पाहिजेत. चावीवरून येणारी तार अशी घ्यावी लागते की स्टार्टर फिरत असतानाही तिच्यात वीज असेल. बऱ्याच जुन्या गाड्यांत अ‍ॅक्सेसरीची तार नेमकी तेव्हाच मरते आणि माणूस महिनाभर ‘सुरू होत नाही’ म्हणून इंजेक्टरवर संशय घेतो. भरीव तांब्याच्या गाभ्याच्या प्लगवायरी काढून सर्पिल गाभ्याच्या घालाव्यात आणि कॉइल व संगणक एकमेकांपासून शक्य तितके दूर ठेवावेत, नाहीतर फेऱ्यांचा सिग्नल नाचतो.

‘स्वतः शिकणाऱ्या’ संगणकाबद्दल एक सांगितलेच पाहिजे. तो शिकतो ऑक्सिजन सेन्सरकडून आणि सेन्सर फक्त ऑक्सिजन ओळखतो. मोठ्या कॅमच्या ओव्हरलॅपमध्ये आयडलला ताजी हवा न जळता एक्झॉस्टमध्ये निसटते. प्लगने एखादा स्फोट चुकवला तरी तेच होते. कलेक्टरच्या (एक्झॉस्टच्या नळ्या एकत्र येतात त्या जागेच्या) आधी गॅस्केट गळत असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते. तिन्ही वेळा सेन्सर म्हणतो लीन, आणि संगणक पेट्रोल वाढवतो. त्यामुळे प्लग भिजतात, आणखी स्फोट चुकतात, आणि तो आणखी वाढवतो. अशा इंजिनात आयडलच्या पट्ट्यात सेन्सरवरची दुरुस्ती बंद करावी किंवा अगदी थोडी ठेवावी, लक्ष्य १४.७ ऐवजी १३.५ च्या आसपास धरावे, आणि मॅनिफोल्डचा दाब फारच थरथरत असेल तर कमी थ्रॉटलला दाबाऐवजी थ्रॉटलच्या कोनावरून इंधन ठरवावे. हे ज्याला करायचे आहे त्याला इंजेक्शन भरभरून देते. ज्याला ‘आपोआप’ हवे आहे त्याची निराशा होते आणि तो दोष तंत्राला देतो.

शिवाय थ्रॉटल-बॉडीचे इंजेक्टर मॅनिफोल्डच्या तोंडाशीच असतात, म्हणजे ओल्या मॅनिफोल्डचा असमान वाटपाचा दोष जिथल्या तिथे राहतो. थंडीत सुरू होणे, उंची, रोजची चाल यांत तो नक्की सुधारतो. चारशे अश्वशक्तीच्या निवांत गाडीला तो पुरेसा आहे. पण ६०० च्या पुढे, ई-८५ वर किंवा बूस्टवर जायचे असेल तर प्रत्येक पोर्टला इंजेक्टर हवा आणि स्पार्कही त्याच संगणकाच्या ताब्यात हवा. इंजेक्शनची निम्मी किंमत स्पार्कच्या नियंत्रणातून वसूल होते. तापलेली हवा आत आली की स्पार्क दोन अंश मागे घेणे फिरत्या वजनांवर चालणाऱ्या जुन्या डिस्ट्रिब्युटरला कधीच जमणार नाही.

राहिला शर्यतींच्या नियमांचा प्रश्न, आणि तो खऱ्या अर्थाने सार्वजनिक आहे. नॅस्कार या अमेरिकन मोटारशर्यतींच्या संस्थेने २०१२ मध्ये आपल्या वरच्या मालिकेत इंजेक्शन आणले, सगळ्यांना मॅक्लारेनचा एकच संगणक देऊन. ड्रॅग रेसिंगच्या प्रो स्टॉक वर्गाने २०१६ मध्ये दोन कार्ब्युरेटर आणि बॉनेटवरचे उंच भोंगे काढले आणि १०,५०० फेऱ्यांची मर्यादा घातली. वरच्या वर्गांत हे योग्यच झाले. कारखान्यांनी नव्या मोटारींत कार्ब्युरेटर बसवणे थांबवून दशके झाली असताना कारखान्यांच्या नावाने पळणाऱ्या गाड्यांनी तो मिरवण्यात अर्थ नव्हता. मात्र दोन्हीकडे फेऱ्या आणि संगणक यांवर संस्थेने ताबा ठेवला, हे विसरता येणार नाही. चाक घसरताच स्पार्क मागे खेचणारे चार ओळींचे सॉफ्टवेअर लपवणे सोपे आणि शोधणे कठीण असते. कार्ब्युरेटरमध्ये असे काही लपत नाही. तपासनीस तो उघडतो, गेज घालतो, मोकळा होतो. ड्रॅग रेसिंगच्या टॉप फ्युएल वर्गातल्या हजारो अश्वशक्तीच्या गाड्या आजही यांत्रिक इंजेक्शनवर पळतात, त्यामागेही हाच विचार आहे.

म्हणून स्थानिक पट्ट्यांवरच्या, स्वतःच्या पैशाने पळणाऱ्यांच्या वर्गांत कार्ब्युरेटर राहू द्यावा, असे मला मनापासून वाटते. तिथे एकसारखा सीलबंद संगणक देणे आणि दर आठवड्याला तो तपासणे कोणत्याही छोट्या संस्थेला परवडणारे नाही. आणि उलट बाजूने, रस्त्यावरच्या धुराचे नियम शिथिल करा अशी कार्ब्युरेटरप्रेमींची मागणी मी मान्य करणार नाही. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना ठरावीक मुदतीच्या धूरतपासणीतून सूट आहे, ती पुरेशी आहे. त्यानंतरच्या गाडीत मोठे इंजिन बसवायचे असेल तर धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जिवंत ठेवणे भाग आहे, आणि कन्व्हर्टर जगतो तो मिश्रण १४.७ च्या आसपास मागे-पुढे हलत राहिले तरच. ते काम जेटचे नाही.

पैसे मोजकेच असतील तर त्यांचा क्रम असा असावा. पहिला हप्ता टाकी, पंप, अर्ध्या इंचाची जाणारी नळी, परतीची नळी आणि दोन्ही दाबांना जुळवता येणारा रेग्युलेटर यांवर. याच जोडणीवर बायपास रेग्युलेटर साडेसहा पीएसआयला लावून ८५० चा कार्ब्युरेटर दोन हंगाम सुखाने चालेल. सोबत हवा-पेट्रोलाचे प्रमाण दाखवणारा वाइडबँड ऑक्सिजन मीटर घ्यावा, इंजिनाला कुठे किती इंधन लागते हे त्यावर लिहून ठेवावे. पोर्टचे मॅनिफोल्ड, इंजेक्टर आणि संगणक त्यानंतर. तोवर टाकी उतरवायची पाळी येणार नाही आणि संगणकाच्या पहिल्या तक्त्यात भरायचे आकडे वहीत तयार असतील.